अंगावरून वारं गेलं

आमच्या हिंगोलीकडं पक्षाघाताला कुणी पक्षाघात म्हणत नाही. ‘म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं’ असंच ऐकू येतं. पुस्तकी भाषेतल्या अर्धांगवायूतही वायू आहेच. वात बिघडला की अंग लुळं पडतं, या जुन्या समजुतीतले हे शब्द. खरं तर मेंदूतली एखादी रक्तवाहिनी गुठळीनं बुजते किंवा फुटते. वाऱ्याचा तिथं काही संबंध नाही. गंमत अशी, की गेल्या काही वर्षांत संशोधक फिरून वाऱ्यापाशीच आलेत. फक्त हे वारं अंगावरून जाणारं नव्हे, छातीत आत-बाहेर करणारं.

गावात ज्याला सरसकट दमा म्हणतात, ती धाप पुष्कळदा दम्याची नसतेच. ती असते सीओपीडीची: श्वासनळ्या कायमच्या आवळलेल्या, टोकाचे हवेचे फुगे झिजून फाटलेले. विडीनं हे होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण जन्मात विडी न ओढलेल्या बायकांना कसं होतं? पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये याचाच हिशेब मांडला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे 100 कोटी, आणि लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांच्या धुरात वावरणारे सुमारे 300 कोटी. तेव्हा जगभरातल्या सीओपीडीचं सर्वांत मोठं कारण कदाचित चूलच असावी, असं त्यांचं म्हणणं. औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या खेड्यांत ती चूल तुराट्यांवर आणि पऱ्हाट्यांवर पेटते. गॅस आला, तरी अंघोळीचं पाणी अजून पुष्कळ घरी चुलीवरच तापतं. चुलीवरची भाकरी गोड लागते म्हणणाऱ्यांनी फुंकणी बहुधा कधी हातात धरलेली नसते.

आता त्या धुराची मेंदूपर्यंतची वाट पाहा. शरीरातलं रक्त सुमारे पाच लिटर, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचं हे सगळं रक्त साधारण मिनिटाभरात एकदा फुफ्फुसातून फिरून येतं. तिथं हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा केसाच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ. हा पडदा उलगडून अंथरला तर सत्तरेक चौरस मीटर भरेल, म्हणजे बऱ्यापैकी घराची जमीन. इतक्या मोठ्या दारावर धुराचे कण रोज येऊन आदळले, की पहारेकरी पेशी चवताळतात. त्या फुफ्फुसात लढतात, पण त्यांची आरोळी रक्तातून यकृतापर्यंत जाते. यकृत रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन जास्त बनवू लागतं, रक्तातल्या बिंबिकाही चिकट होतात. पुढं प्राणवायू कमी पडायला लागला की मूत्रपिंडं तांबड्या पेशी वाढवा असा हुकूम सोडतात, आणि रक्त दाट होतं. असं हे तापलेलं, दाटलेलं रक्त हृदयातून बाहेर पडतं तेव्हा पहिल्याच मोठ्या फाट्यांवर मेंदूचा रस्ता लागतो. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या भागाएवढं, पण हृदयातून निघालेल्या रक्तातला जवळपास सातवा वाटा त्याचा.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात तेरा हजारांवर लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. सीओपीडी असलेल्यांत पक्षाघाताचं प्रमाण थोडं जास्त निघालं. धूम्रपानाचा वाटा वजा केल्यावर तो फरक बराच ओसरला. म्हणजे दोन्ही दुखण्यांच्या मुळाशी पुष्कळदा एकच सिगारेट होती, हेही खरं. पण एक आकडा डोळे उघडणारा होता. धापेचा जोरदार झटका येऊन गेल्यावर पुढचे सात आठवडे पक्षाघाताचा धोका सहा-सात पटींवर गेला होता! खोकला निवला, माणूस दवाखान्यातून घरी आला, घरच्यांनी हुश्श केलं, आणि आतलं रक्त अजून शांत झालेलं नव्हतं.

औंढ्याजवळ दुधाळ्याच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. अब्जावधी प्रकाशवर्षांवर कृष्णविवरं आदळली, तर त्याचा इथं उमटणारा अतिसूक्ष्म थरकाप ती टिपणार. छातीपासून डोक्यापर्यंतचं अंतर हातभर. पण तिथली खळबळ इथं उमटते हे आपल्याला इतकं उशिरा कळलं.

मला मात्र या सगळ्यात सर्वांत चकित करतो तो एक धागा. त्याचं नाव इलॅस्टिन. फुफ्फुस फुगून पुन्हा आवळतं ते याच्यामुळं, आणि मोठ्या धमन्या प्रत्येक ठोक्याला ताणल्या जाऊन पूर्ववत होतात त्याही याच्यामुळंच. सीओपीडीत पांढऱ्या पेशींची विकरं हा धागा कुरतडतात, आणि अशा रुग्णांच्या धमन्याही ताठर झालेल्या आढळतात. हा धागा टिकतो किती? 1950-60च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला होता. तो पिकांत आला, अन्नातून माणसांत आला. 1991 साली संशोधकांनी माणसाच्या फुफ्फुसातल्या इलॅस्टिनमध्ये हा कार्बन मोजला. मोठ्या माणसांच्या धाग्यांत तो फारसा नव्हताच. म्हणजे ते धागे बाँबच्या आधीच विणून झालेले होते. त्यांचं सरासरी आयुष्य निघालं 74 वर्षं. लहानपणी एकदा विणायचं आणि जन्मभर तेच वापरायचं, नवं जवळपास मिळतच नाही.

नव्वदीला टेकलेल्या एखाद्या आजीच्या छातीत आज जे इलॅस्टिन आहे, ते असं ती परकरात होती तेव्हाचं. तेव्हापासून तेच ताणलं जातंय, आवळलं जातंय. अन् पहाटे विझत आलेल्या तुराट्यांवर फुंकणीतून फुंकर घालतेय ती त्याच्याच जोरावर.