आधी वसिष्ठ, मग अरुंधती

२०२४ च्या दिवाळीत दिरांनी आमच्या लेकीला दुर्बीण आणली. लेक तेव्हा सातवीत. खोक्यावर शनीची कडी, जांभळे-गुलाबी तारकामेघ, सगळं कसं झगझगीत! भाऊबीजेच्या रात्री जेवणं उरकून आम्ही सगळे गच्चीवर. लेकीला बघायची होती देवयानी दीर्घिका, पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांबची. तासभर मान मोडून शोधल्यावर एक राखाडी डाग सापडला. काच नीट पुसली नाही की राहतो ना, तसा. जाऊबाई म्हणाल्या, "एवढे पैसे घालून हेच दिसायचं होतं का?" लेक रडवेली झाली. दुर्बीण माळ्यावर गेली, पापडाच्या डब्याशेजारी.

फेब्रुवारीत शेजारच्या लग्नाला गेले होते. भटजींनी भर दुपारी मांडवाच्या कापडाकडे बोट दाखवून नवरीला अरुंधती दाखवली. नवरीनेही "दिसली" म्हणून मान डोलावली! मला हसू आलं आणि एकदम बी.ए.चा संस्कृतचा तास आठवला. अरुंधतीचा तारा बारीक, चटकन दिसत नाही. म्हणून आधी तिच्याजवळचा मोठा, ठळक तारा दाखवायचा. नजर तिथे बसली की मग तिच्याकडे न्यायची. ह्याला 'अरुंधतीदर्शन न्याय' म्हणतात. सोप्याकडून अवघडाकडे.

आणि आम्ही काय केलं होतं? पहिल्याच रात्री सगळ्यात अवघड ते मागितलं. त्यातून आमची लोधिवली. एका अंगाला पनवेलचा उजेड, दुसरीकडे रसायनीचे कारखाने, मधून हायवे. अशा आकाशात देवयानीसारख्या फिकट गोष्टी बुडून जातात. चंद्र, ग्रह, जोडतारे मात्र ह्या उजेडाला भीत नाहीत. दुर्बीण खाली काढली.

त्याच सुमारास माझी भाची चार दिवस राहायला आली. शिकलेली, नोकरी करणारी पोर, पण तोंड उतरलेलं. कडक मंगळ आहे म्हणून तिसरं स्थळ परत गेलं होतं. तिला म्हटलं, "चल गं गच्चीवर. तेवढाच जीव रमेल."

तो दिवस ५ एप्रिल २०२५, रामनवमीचा आदला. म्हणजे चैत्र शुद्ध अष्टमी. मैत्रिणींनो, दुर्बिणीची सुरुवात करायची तर शुद्ध पक्षातली अष्टमीच धरा. त्या दिवशी चंद्र अर्धा असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या, डोंगरांच्या लांब सावल्या पडतात. कोजागरीचा पूर्ण चंद्र मसाला दुधात छान, पण दुर्बिणीतून तो सपाट आणि डोळे दिपवणारा. सावल्याच नाहीत, तर खड्डे कसे दिसणार? संकष्टीचा चंद्रही चालतो. उपास सोडण्याआधी जरा बघून घ्या, एका कडेने सावल्या सुरू झालेल्या असतात.

चंद्र पाहून जाऊबाई जागच्या हलेनात. "अगं, जाळीदार घावनच की गं!" लेक खुलली.

मग गुरू. पश्चिमेकडे ठळक चमकत होता. दुर्बिणीत ती चांदणी वाटोळी टिकली झाली आणि तिच्या बाजूला एका ओळीत बारीक ठिपके. ते गुरूचे चंद्र. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने ते पाहिले, तेही साध्याशा दुर्बिणीतून. मोठे चार आहेत, कधी एखादा गुरूमागे दडतो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जागा बदललेल्या! लेकीने वहीत रोजचं चित्र काढायला घेतलं.

त्या रात्री चंद्राच्या शेजारीच एक तांबूस तारा होता. लेक म्हणाली, "ताई, हा मंगळ." भाची क्षणभर थबकली. मग डोळा लावला. मोहरीच्या दाण्याएवढा केशरी ठिपका. मंगळ साधारण सव्वीस महिन्यांनी पृथ्वीच्या जवळ येतो, एरवी छोट्या दुर्बिणीत त्याची निराशाच होते. म्हणून तो पहिल्या यादीत घालू नका, असंच मी सांगेन. पण भाची बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आत्या, एवढुसा आहे गं हा. आणि आमच्या घरात केवढा झालाय!"

मी काय बोलणार? लेकच बोलली. शाळेत तिने वाचलं होतं की २४ सप्टेंबर २०१४ ला आपलं मंगळयान ह्याच मंगळाभोवती फिरू लागलं, आणि त्या कामात कितीतरी बायका होत्या. "त्यांच्या पत्रिका कोणी बघितल्या का गं, आई?" सगळ्या हसलो. भाचीही हसली, बऱ्याच दिवसांनी.

दहाच्या सुमारास सप्तर्षी डोंगरावरून चांगले वर आले. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून अरुंधती. नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांनीही दिसते. दुर्बिणीत मात्र गंमत झाली. अरुंधती बाजूला होतीच, पण वसिष्ठच दोन निघाले! एक ठळक, एक जरा मंद. ज्याला आपण एकटा समजतो तोच जोडतारा.

आता कामाच्या गोष्टी. दुर्बीण घेताना 'पाचशे पट मोठं दिसेल' ह्या जाहिरातीला भुलू नका. बघायचा असतो तो पुढच्या भिंगाचा व्यास. आमची सत्तर मिलिमीटरची, तिला जास्तीत जास्त १४० पट पुरे. डोळ्याजवळची भिंगं दोन आली, २५ आणि १०. आकडा मोठा ते भिंग कमी मोठं करतं, पण आकाश जास्त दाखवतं. नेहमी त्यानेच सुरुवात करा, नाहीतर काही सापडत नाही. वरची छोटी शोधक दुर्बीण दिवसाउजेडी जुळवून घ्या. आम्ही इर्शाळच्या सुळक्यावर जुळवली. मात्र सूर्याकडे दुर्बीण कधीही, चुकूनही नको. डोळा कायमचा जातो. पोरांना एकटं सोडू नका.

हिवाळ्यात कृत्तिका घ्या. मोठं करायचं नाही, सगळा पुंजका एकदम बघायचा. मग मृगातला तेजोमेघ, तीन ताऱ्यांच्या पट्ट्याखाली. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याला काठावरून दिसत होती. त्या दिवाळीनंतर आम्ही पाहिली तर सुईसारखी रेघ! आता ती वर्षागणिक उघडत जातील, २०३२ च्या सुमारास सगळ्यात छान. घेण्याआधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघावंसं वाटलं, तर मुंबईचं खगोल मंडळ आहे. त्यांचे रात्रभराचे कार्यक्रम आपल्या कर्जत लाइनीवर वांगणीला होत आले आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची.

भाचीचं लग्न अजून ठरलेलं नाही. पण हल्ली पत्रिका मागणारं कोणी आलं की वडिलांच्या आधी तीच सांगते, "मंगळ मी पाहिलाय. तुम्ही पाहिलाय का? नसेल तर लोधिवलीला आत्याकडे चला."

आले तर मी दाखवीन. पण आधी चंद्र, मग गुरू. मंगळ सगळ्यात शेवटी.