ग्रेपला सापडलं नाही म्हणजे ते नाहीच, असं नसतं

मी सोनारीचा, तालुका परंडा. संशोधनासाठी गावातल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्या टेक्स्ट फाइलींमध्ये टाइप केल्या होत्या. पावसाबद्दल कोण कोण बोललंय ते बघायला टर्मिनलवर 'पाऊस' शोधला. मोजक्याच ओळी आल्या. लोक पावसावर फारसे बोलले नाहीत, असं मी प्रकरणात लिहूनही टाकलं होतं! चूक माझी होती. तुमची होऊ नये म्हणून हे लिहितोय.

ग्रेप ही कमांड केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्समध्ये लिहिली. १९७३ पासून ती युनिक्समध्ये आहे. ती फाइल ओळीओळीने वाचते आणि दिलेला नमुना ज्या ओळीत जुळेल ती ओळ दाखवते. अशी द्यायची (टाइप करताना कमांड आणि पर्याय रोमन अक्षरांत):

ग्रेप -आर -एन "पाऊस" मुलाखती

'आर' म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या फाइली, 'एन' म्हणजे ओळीचा क्रमांक.

आता गंमत बघा. ग्रेप फक्त अक्षरं जुळवतं, त्याला मराठी कळत नाही. शेतकरी म्हणतो, "पावसानं दगा दिला." त्यात 'पाऊस' कुठंय? तसंच 'परंडा' शोधलं तर 'परंड्यात' सुटतं, 'परांडा' असं लिहिलेलंही सुटतं. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, त्यामुळे जुन्या फाइलीत उस्मानाबाद, नव्यात धाराशिव. म्हणून मोठ्या लिपीतला 'ई' हा पर्याय लावा आणि उभ्या रेघेने रूपं जोडा:

ग्रेप -आर -एन -ई "पाऊस|पावस" मुलाखती

आता 'पावसाळा' येईल, रत्नागिरीकडचं पावस गावही येईल. येऊ द्या. जास्तीचं वाचून गाळता येतं, सुटलेलं दिसतच नाही.

आणखी दोन गोष्टी. 'सी' पर्याय जुळलेल्या ओळी मोजतो, शब्द नाही. एका ओळीत तीनदा पाऊस आला तरी मोजणी एकच. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल युनिकोडमधल्या शब्दाने सापडत नाही. आधी ती रूपांतरित करा.

माझी सवय आता अशी आहे: शोधण्याआधी दोन-तीन फाइली स्वतः वाचायच्या, लोक तो शब्द कसकसा वापरतात ते टिपायचं, मगच नमुना लिहायचा. आणि 'आढळलं नाही' असं लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं: मी नेमकं काय शोधलं होतं?