ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ

संगणकावर खेळ खेळणारा मुलगा ज्या घरांत आहे, तेथें ग्राफिक्स कार्ड हा शब्द वडील मंडळींच्याही कानांवर आलेला असतो. पडद्यावरील चित्र लक्षावधि ठिपक्यांचें असतें आणि खेळांत तें सेकंदास साठ साठ वेळां नव्यानें काढावें लागतें. एकेका ठिपक्याचा हिशेब सोपाच. पण ते एकामागून एक करीत बसल्यास खेळ पुढें सरकणार नाहीं. म्हणून ह्या कार्डांत हजारों लहान गणक एकाच वेळीं कामास जुंपलेले असतात. एका हुशार विद्यार्थ्यास कठीण उदाहरण घालणें निराळें आणि साऱ्या शाळेकडून एकदम पाढे म्हणवून घेणें निराळें. हें कार्ड दुसऱ्या प्रकारचें काम करतें.

नेमका हाच गुण खेळणाऱ्यांस भोंवला. २००९ सालीं सुरू झालेल्या बिटकॉइनसारख्या चलनामागें सरकार नाहीं, पेढीही नाहीं. व्यवहारांची वही जगभरच्या संगणकांवर असते आणि तिचें पुढचें पान कोणीं जोडावें हें आंकडेमोडीच्या शर्यतीनें ठरतें. ह्या शर्यतीस बुद्धि लागत नाहीं. कुलुपास एकामागून एक किल्ल्या लावीत सुटावें, तसा हा प्रकार. ज्याची किल्ली अगोदर लागेल त्यास नवीं नाणीं मिळतात. ह्यालाच मायनिंग म्हणतात. खरें पाहतां ही विजेच्या खर्चानें काढलेली सोडत होय.

बिटकॉइनसाठीं लवकरच खास यंत्रें निघालीं. परंतु २०१५ सालीं आलेल्या इथेरियमची पद्धत मुद्दाम अशी आंखली होती कीं, तिला भरपूर मेमरी लागावी व खास यंत्रांचें फारसें चालूं नये. सामान्य माणसासही घरबसल्या भाग घेतां यावा, हा हेतु चांगलाच होता. पण त्यामुळें बाजारांतील ग्राफिक्स कार्ड हीच मायनिंगवाल्याची कुदळ ठरली.

२०१७-१८ मध्यें टंचाई झाली. सप्टेंबर २०२० मध्यें एनव्हिडियाचें आरटीएक्स ३०८० हें कार्ड ६९९ डॉलर किंमतीस निघालें आणि पाहतां पाहतां संपलें. सारा दोष मायनिंगचा नव्हे. साथीमुळें लोक घरांत बसले होते, चिपांचा तुटवडा होता आणि माल दाबून चढ्या भावानें विकणारेही होते. तरी एक भेद मूळचा आहे. खेळणाऱ्यास कार्ड हा खर्च, तर मायनिंगवाल्यास तें भांडवल! कांहीं महिन्यांत पैसे वसूल होणार असतील तर तो दुप्पट किंमतही देतो. महिन्याच्या पैशांतून शिल्लक टाकणाऱ्या विद्यार्थ्यानें त्याच्याशीं चढाओढ कशी करावी? भारतांत तर हीं कार्डें परदेशांतूनच येतात.

फेब्रुवारी २०२१ मध्यें निघालेल्या आरटीएक्स ३०६० मध्यें कंपनीनें इथेरियमचा वेग निम्मा करणारी अटकाव-योजना घातली. आणि पुढच्याच महिन्यांत तिच्याच एका सॉफ्टवेअरमधून ती चुकून निघूनही गेली. कुलूप लावून किल्ली दारांतच ठेवण्याचा हा नमुना!

१५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथेरियमनें ती शर्यतच बंद करून निराळी पद्धत स्वीकारली. वापरलेलीं कार्डें बाजारांत आलीं, भाव उतरले. असें जुनें कार्ड घेणाऱ्यानें पंख्याचा आवाज ऐकावा आणि तासभर एखादा जड खेळ चालवून मगच पैसे मोजावेत. दिवसरात्र चाललेल्या कार्डांत बहुधा पंखाच आधीं झिजलेला असतो.