यंत्र उघडण्यापूर्वी ते थांबविता आले पाहिजे. औद्योगिक मेकॅनिक होण्यासाठी काय लागते?

बागबाजार (कोलकाता) : मराठी वाचकाला बागबाजार ठाऊक असते ते ‘मराठा खंदका’मुळे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये खोदावयास घेतलेला हा खंदक येथूनच सुरू होत असे. या वस्तीला यंत्रांचा शेजारही जुना आहे. हुगळीच्या याच काठावर, उत्तरेस लागून असलेल्या काशीपूरच्या तोफगाडे कारखान्यात १८ मार्च १८०२ रोजी उत्पादन सुरू झाले. तोच दिवस पुढे आयुध निर्माणी दिन ठरला. अशा कोणत्याही कारखान्यात यंत्र चालविणाऱ्याइतकीच ते चालते ठेवणाऱ्या मेकॅनिकची गरज असते.

या व्यवसायाचा रूढ मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून जातो. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यास फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली कारखान्यात उमेदवारी करता येते. ती टाळू नये. वर्गात यंत्र ठरवून बिघडविलेले असते, कारखान्यात ते उत्पादनाच्या ऐन घाईत बिघडते.

पाने, हातोडा, छिन्नी, कानस, हॅकसॉ ही पेटीतील नेहमीची अवजारे. बंगालमध्ये विश्वकर्मा पूजेला आणि आपल्याकडे खंडेनवमीला ती पुजली जातात. परंतु मेकॅनिकची खरी पारख मोजमापाच्या साधनांवर होते. व्हर्नियर कॅलिपर साधारणतः ०.०२ मिलिमीटरपर्यंत, तर मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप देतो. दोन भागांमधील फट फीलर गेजने कळते. फिरता शाफ्ट किती डगमगतो, हे डायल गेज दाखविते. विजेच्या तपासणीसाठी मल्टिमीटर आणि आजच्या स्वयंचलित यंत्रांसाठी पीएलसीची तोंडओळखही आवश्यक झाली आहे.

मोजमापाचे महत्त्व बेअरिंगच्या उदाहरणातून स्पष्ट होते. पंपाचे बेअरिंग वारंवार जात असेल, तर दरवेळी नवे बसविणे हा उपाय नव्हे. मोटर आणि पंप यांचे शाफ्ट एका रेषेत नसतील, तर नवे बेअरिंगही लवकरच निकामी होईल. ते बसविण्याची रीतही चुकू शकते. शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या बेअरिंगच्या बाहेरील कड्यावर हातोडा मारला, तर आघात आतील गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या धावपट्टीवर खळगे पडतात. म्हणून जोर आतील कड्यावरच द्यावा, किंवा बेअरिंग हीटरवर सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ते अलगद सरकवावे. ज्योतीने तापविणे मात्र धोक्याचे.

सर्वांत महत्त्वाचे कौशल्य मात्र यंत्र सुरक्षितपणे थांबविण्याचे. चालू यंत्राजवळ विशेष प्रशिक्षित कामगारानेच, तेही अंगाबरोबर बसणारे कपडे घालून काम करावे, अशी अट १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातली होती. दुरुस्तीसाठी केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. दूरच्या पॅनेलवरून कोणीही यंत्र पुन्हा सुरू करू शकतो. मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावावे, नावाची पाटी अडकवावी, साठलेली हवा किंवा तेलाचा दाब सोडून द्यावा आणि मग यंत्र सुरू होत नाही ना, हे बटण दाबून पाहावे. त्यानंतरच पान्याला हात लावावा. काम संपल्यावर हे कुलूप ज्याचे त्यानेच काढावयाचे असते.