आकडा कोणाकडे हिशेब मागतो?

विद्यार्थ्याने कोणता विषय घ्यावा, कोणत्या नोकरीकडे वळावे, हे आता संगणक सांगेल असे म्हटले जाते. या ‘बिग डेटा’ची रीत अवघड नाही. मागल्या हजारो विद्यार्थ्यांचे गुण, हजेरी, थकलेली फी यंत्रात घालायची. कोण टिकले, कोण गळाले याचे साचे यंत्र शोधते आणि नव्या मुलाच्या नावापुढे हिरवी किंवा लाल खूण करते.

आपल्या मुलांची माहिती तर साठतेच आहे. शिष्यवृत्तीसाठी ‘महाडीबीटी’वर जात आणि उत्पन्न; ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये श्रेयांक. तिच्यावरून भाकिते केली जातात असे मी म्हणत नाही. पण प्रश्न आधीच विचारलेला बरा.

अमेरिकेत तो उभा राहिला आहे. काही विद्यापीठांच्या प्रणालीत विद्यार्थ्याचा वंश हाच धोक्याचा एक निकष होता, हे ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने 2021 मध्ये उघड केले. ज्या व्यवस्थेने काळ्या मुलांना गळायला लावले, तिचाच इतिहास त्यांच्या भवितव्याचा पुरावा ठरला! जन्मावरून कुवत ठरवण्याचे हे शास्त्र आपल्याला नवे नाही. त्याला संगणक लागत नव्हता, इतकेच.

मी सांगोल्यात शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. इथे डाळिंबाची तोडणी आली की काही बाके रिकामी होतात. यंत्राला गैरहजेरी दिसते, मजुरी दिसत नाही. शिष्यवृत्ती रखडली तर थकबाकीही मुलाच्याच नावावर लागते.

म्हणून आकड्यांना भिण्याचे कारण नाही. 1927 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी लोकसंख्येचा आणि शिक्षणाचा क्रम शेजारी शेजारी मांडला. मागासवर्ग, ज्यात अस्पृश्यही आले, लोकसंख्येत दुसरा आणि शिक्षणात चौथा, म्हणजे शेवटचा. तो आकडा सरकारकडे हिशेब मागत होता. मुलाची कुवत मोजत नव्हता.

असा उपयोग आजही होऊ शकतो. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठ 2012 पासून धोक्याच्या सुमारे 800 खुणा तपासते. पण खूण उमटली की सल्लागार विद्यार्थ्याला गाठतो; थोडक्या रकमेपायी नाव कमी होणार असेल तर विद्यापीठ मदत देते. यासाठी माणसे नेमावी लागतात, पैसा लागतो. नुसते यंत्र घेणे स्वस्त पडते.

अशी प्रणाली घेण्याचा प्रस्ताव महाविद्यालय विकास समितीपुढे आला, तर विद्यार्थी प्रतिनिधींनी दोन गोष्टी आधी विचाराव्यात: लाल खूण आणि तिचे कारण विद्यार्थ्याला वाचता येईल काय? आणि खूण दिसल्यावर महाविद्यालयाने काय केले, याची नोंद त्याच यंत्रात राहील काय?