सोर्समधून सॉफ्टवेअर: निवडलेले पर्याय राहतात कुठे?

सोर्स कोडमधून एखादा प्रोग्रॅम कंपाइल करायला घेतला की आधी प्रश्न येतात. ही सोय हवी का, ती लायब्ररी जोडायची का, माहितीपुस्तिका सोबत टाकायची का. आपण खुणा करतो आणि काम सुरू होते. पुढच्या वेळी तोच प्रोग्रॅम बांधायला घेतला तर प्रश्न येतच नाहीत. यातून ‘मशीनने आपली निवड लक्षात ठेवली’ एवढाच निष्कर्ष निघतो, आणि बहुतेक गैरसमज त्याच निष्कर्षाच्या पोटी जन्मतात. फोल्डर पुसले की निवडही पुसली जाते, मुख्य सेटिंगच्या फाइलीत लिहिले की तेच चालते, अपडेट झाले तरी निवड टिकते, नोंद आहे म्हणजे सोय आहे, असे धरून चालणारे पुष्कळ असतात. या चारही समजुतींच्या मुळाशी एकच चूक आहे. निवडीची नोंद एक असते असे आपण मानतो, प्रत्यक्षात त्या तीन असतात: काय मागितले, बांधताना काय मिळाले आणि आज मशीनवर काय बसलेले आहे. या तीन नोंदी एकमेकींशी आपोआप जुळत नाहीत.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुरताच हा प्रश्न आहे असे वाटेल, पण मराठी मजकुराशी त्याचा थेट संबंध येतो. अमरावती जिल्ह्याचे १४ तालुके आहेत. समजा, या तालुक्यांची नावे घालून एका साच्यातून प्रमाणपत्रे तयार करायची आहेत आणि त्यासाठी इमेजमॅजिक हा चित्रांवर काम करणारा प्रसिद्ध मुक्त प्रोग्रॅम वापरला. धारणी, वरुड, अचलपूर ही नावे ठीक उमटतील. पण तिवसा ‘तविसा’सारखे दिसेल, चिखलदऱ्याचे ‘चखिलदरा’ होईल, मोर्शीतला रफार श वर न चढता र चा पाय मोडून शेजारी उभा राहील आणि नांदगाव खंडेश्वरमधला श्व फुटून श, हलन्त आणि व असा सुटा होईल. फॉन्ट तोच, मजकूर युनिकोडमधला, टंकलेखनातही चूक नाही. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते. ती आधी नेणे, जोडाक्षर जुळवणे, रफार वर चढवणे ही कामे फॉन्टमधल्या नियमांनुसार हार्फबझसारखी लायब्ररी करते. इमेजमॅजिकच्या साध्या मजकूर-मार्गात हे काम रॅक्म या लायब्ररीतून होते, आणि रॅक्म जोडायची की नाही हा कंपाइल करतानाचा पर्याय आहे. तो नसला तर चिन्हे साठवल्या क्रमाने एकामागे एक मांडली जातात. म्हणजे आपल्या तालुक्याचे नाव शुद्ध उमटणार की नाही, हे कुणीतरी कधीतरी एका पर्यायासमोर केलेल्या खुणेवर ठरते. ती खूण कुठे लिहिली आहे हे मग माहीत असायलाच हवे.

पहिली समजूत घेऊ: पर्याय सोर्सच्या फोल्डरात असतात, ‘मेक क्लीन’ केले की जातात. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोर्ट्स, म्हणजे सोर्समधून बांधायच्या प्रोग्रॅमांच्या, संग्रहापुरते हे साफ चूक आहे. तिथे ‘मेक कॉन्फिग’ने उघडणाऱ्या निळ्या चौकटीत केलेली निवड पोर्टच्या फोल्डरात राहतच नाही. ती व्हार या मूळ फोल्डरातल्या डीबी, त्यातल्या पोर्ट्स या फोल्डरात, प्रत्येक पोर्टच्या नावाने केलेल्या उपफोल्डरात ‘ऑप्शन्स’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत जाते. ही फाइल उघडून पाहण्यासारखी असते. वर ती आपोआप तयार झाल्याची टीप, खाली एका ओळीला एक पर्याय. काही ओळी ‘सेट’च्या, काही ‘अनसेट’च्या. म्हणजे हव्या असलेल्या गोष्टींसोबत नको म्हटलेल्या गोष्टीही लिहून ठेवलेल्या असतात, शिवाय त्या वेळी समोर असलेल्या सगळ्या पर्यायांची यादीही. नव्या आवृत्तीत एखादा पर्याय वाढला तर तो या यादीत सापडत नाही, आणि म्हणूनच इतके दिवस गप्प असलेली निळी चौकट अचानक पुन्हा प्रश्न विचारू लागते. मशीन विसरले असे तेव्हा लोक म्हणतात. खरे तर त्याने नेमके लक्षात ठेवले म्हणूनच नवा प्रश्न त्याला ओळखू आला.

‘मेक क्लीन’ या व्यवस्थेत फक्त कामाचा पसारा आवरते आणि निवडीला हात लावत नाही. निवड पुसायची तर ‘मेक आरएमकॉन्फिग’ ही वेगळी आज्ञा आहे. उलट अनुभवही येतो: ‘मेक कॉन्फिग’ करून पर्याय बदलला, पण अर्धवट बांधलेला जुना पसारा तसाच राहू दिला, तर पुढची पायरी त्या जुन्या पसाऱ्यावरूनच चालू होते आणि बदललेला पर्याय प्रोग्रॅमात उतरत नाही. आज्ञांची नावे इथे आणखी घोळ घालतात. पोर्ट्समध्ये ‘मेक डिस्टक्लीन’ने डाउनलोड केलेल्या मूळ फाइली जातात, निवड जागेवर राहते. ऑटोकॉन्फच्या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टने बांधल्या जाणाऱ्या सर्वसाधारण प्रोग्रॅममध्ये त्याच नावाची आज्ञा ‘कॉन्फिग डॉट स्टेटस’ ही फाइल पुसते, म्हणजे कोणत्या पर्यायांनी कॉन्फिगर केले होते याची नोंदच जाते. लिनक्स कर्नलमध्ये ‘मेक क्लीन’ निवडीची ‘डॉट कॉन्फिग’ फाइल राखते आणि ‘मेक एमआरप्रॉपर’ ती उडवते. सोर्सच्या फोल्डरातच निवड राहते ही समजूत कर्नलच्या सवयीतून आलेली असणार. तिथे ती बरोबर आहे, फक्त तिथून उचलून सगळीकडे लावली जाते.

दुसरी समजूत अनुभवी लोकांतही आढळते. फ्रीबीएसडीत ‘मेक डॉट कॉन्फ’ ही सगळ्या मशीनसाठीची फाइल असते आणि तिच्यात सर्व पोर्ट्सना किंवा एखाद्याच पोर्टला लागू होणारे पर्याय लिहिता येतात. मुख्य फाइल म्हटल्यावर तिचा शब्द शेवटचा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण क्रम उलटा आहे. आधी पोर्टकर्त्याने ठरवलेली मूळ निवड, तिच्यावर मुख्य फाइलीतली सर्वांसाठीची निवड, मग तिथलीच त्या पोर्टपुरती निवड आणि तिच्याही वर चौकटीतून साठवलेली ऑप्शन्स फाइल. दोन वर्षांपूर्वी घाईत एंटर दाबून पुढे गेलेली चौकट आज मुख्य फाइलीत विचारपूर्वक लिहिलेल्या ओळीला गप्प बसवते, ती या क्रमामुळे. सीमेकमध्ये हेच दुसऱ्या रूपात दिसते. पहिल्यांदा चालवताना पर्यायांची किंमत बिल्डच्या फोल्डरातल्या ‘सीमेककॅश’ फाइलीत बसते. नंतर प्रकल्पाच्या मुख्य फाइलीत त्या पर्यायाची मूळ किंमत बदलली तरी कॅशमधली जुनीच चालते. दोन्ही ठिकाणी न्याय एकच आहे: त्या एका कामापुरती नोंदवलेली निवड सर्वसाधारण नियमावर मात करते. हा न्याय मला योग्य वाटतो. गैरसोय होते ती, निवड केली होती हेच माणूस विसरतो तेव्हा.

यावर हरकत घेतली जाते की मग सगळे एकाच फाइलीत का नको? चौकट नको, उपफोल्डर नकोत, एक यादी असू द्या. जेंटू या लिनक्स-वितरणाने त्या दिशेने बरीच मजल मारली आहे. तिथे ‘यूज फ्लॅग’ म्हणजे पर्याय; सर्वांसाठीचे ‘मेक डॉट कॉन्फ’मध्ये आणि पॅकेजनिहाय ‘पॅकेज डॉट यूज’मध्ये, माणसाने हाताने लिहायचे. फाइल वाचली की इच्छा कळते, दुसऱ्या मशीनवर नकलून नेता येते, आधीची आवृत्ती जपून ठेवता येते. हे फायदे खरे आहेत. पण जेंटूसुद्धा एका नोंदीवर भागवत नाही. प्रत्येक पॅकेज बसवताना ते कोणत्या फ्लॅगांनी बांधले याची वेगळी नोंद ‘व्हार, डीबी, पीकेजी’ या फोल्डरात, त्या पॅकेजच्या नावाखाली केली जाते. यादीत आज फ्लॅग वाढवला तर बसलेले पॅकेज जागचे हलत नाही. ‘न्यूयूज’ या सूचनेसह अपडेट चालवले की इच्छा आणि नोंद यांची तुलना होते आणि फरक असलेली पॅकेजे पुन्हा बांधली जातात. एकच फाइल ठेवली असती तर ही तुलना करायला दुसरी बाजूच उरली नसती. सातबाऱ्यावरच्या पीकपेऱ्यात कपाशी लिहिली म्हणून वावरात कपाशीच उभी असेल असे नाही, हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगायला नको. पीक पाहणी वेगळी करावी लागते ती त्यासाठीच.

सगळ्यात महागात पडणारी समजूत मात्र शेवटची: पर्याय मागितला आणि त्याची नोंद झाली म्हणजे तो प्रोग्रॅममध्ये उतरला. ऑटोकॉन्फच्या पद्धतीत ‘विथ रॅक्म’ असे लिहून कॉन्फिगर चालवले आणि मशीनवर रॅक्मच्या विकासासाठीच्या फाइली नसल्या, तर इमेजमॅजिक काम थांबवत नाही. ते पुढे जाते आणि शेवटी एक तक्ता छापते. त्या तक्त्यात पर्यायापुढे आधी मागणी आणि मग निकाल असतो: मागितले ‘येस’, मिळाले ‘नो’. शेकडो ओळी सरसर वर गेल्यावर येणारा हा तक्ता फारसे कुणी वाचत नाही. पर्यायाच्या नावात एखादे अक्षर चुकले तरी ऑटोकॉन्फ बहुधा फक्त ‘हा पर्याय ओळखीचा नाही’ असा इशारा देते आणि पुढे सरकते. ‘कॉन्फिग डॉट स्टेटस’ला विचारले तर तीच चुकलेली मागणी निष्ठेने जशीच्या तशी म्हणून दाखवते. म्हणजे नोंद शंभर टक्के खरी आणि सोय शून्य.

म्हणून विचारायचे ते बसलेल्या प्रोग्रॅमलाच. इमेजमॅजिकला ‘लिस्ट कॉन्फिगर’ अशी आज्ञा दिली की त्याच उत्तरात दोन ओळी भेटतात: एकीत कॉन्फिगरला दिलेली मूळ मागणी, दुसरीत खरोखर जोडल्या गेलेल्या लायब्ररींची यादी. रॅक्म पहिलीत आहे आणि दुसरीत नाही, असे दिसले की तिवसा तालुक्याचे कोडे सुटले. अशी सोय अनेक प्रोग्रॅमांत आहे. एनजिनएक्स मोठ्या ‘व्ही’च्या सूचनेने आपले सगळे पर्याय सांगतो, पीएचपी माहितीच्या पानावर कॉन्फिगरची ओळ छापते, विम प्रत्येक सोयीपुढे अधिक किंवा वजा चिन्ह लावून यादी देतो. फ्रीबीएसडीत ‘पीकेजी इन्फो’ बसलेल्या पॅकेजचे पर्याय ‘ऑन’ की ‘ऑफ’ ते सांगते, आणि ते ऑप्शन्स फाइलीवरून नव्हे तर पॅकेजसोबत नोंदलेल्या माहितीवरून. दोघांत फरक आढळला तर विश्वास कुणावर ठेवायचा हे वेगळे सांगायला नको.

असा फरक पडतो कधी? मुख्यतः अपडेटच्या वेळी, आणि तिसरी समजूत तिथेच कोसळते. पोर्ट्समधून हव्या त्या पर्यायांनी प्रोग्रॅम बांधला आणि नंतर सवयीने ‘पीकेजी अपग्रेड’ चालवले, तर अधिकृत भांडारातून तयार पॅकेज येऊन बसू शकते. ते मूळ पर्यायांनी बांधलेले असते. आपली ऑप्शन्स फाइल जागेवरच असते, पण तयार पॅकेज बसवताना ती वाचण्याचे कारणच नसते; पर्याय ही कंपाइल करण्यापूर्वीची गोष्ट, आणि कंपाइल तर दुसऱ्याच मशीनवर होऊन गेले. डेबियन आणि उबुंटूमध्ये हे आणखी ठळक होते. तिथे सोर्स पॅकेज आणून ‘डेबियन’ फोल्डरातल्या ‘रूल्स’ फाइलीत पर्याय बदलता येतो, पण त्या बदलाला सिस्टिमच्या लेखी कुठेच जागा नाही. तो आपल्या फोल्डरातल्या प्रतीत राहतो. वरची आवृत्ती आली की ती आपल्या पॅकेजच्या जागी बसते. पॅकेज ‘होल्ड’वर ठेवून ते टाळता येते, पण मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडकतात, आणि सर्व्हरवर बाहेरून आलेली चित्रे उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत तो सौदा बरा नव्हे. अनेक मशीन सांभाळायची असतील तर फ्रीबीएसडीत पुद्रियेअरसारखे साधन वापरून स्वतःच्या पर्यायांचे स्वतःचे भांडार करणे हाच टिकाऊ मार्ग. एका मशीनसाठी तो खटाटोप जास्त आहे, हेही खरे.

‘मग कंपाइल करायचेच कशाला, तयार पॅकेज घ्या’ ही हरकत बिनतोड वाटते, आणि निम्म्याहून अधिक वेळा ती बरोबरही असते. पण तयार पॅकेज म्हणजे पर्याय नसलेले पॅकेज नव्हे. निवड दुसऱ्याने केली एवढाच फरक. पायथनच्या पिलो या चित्र-लायब्ररीचे उदाहरण घ्या. ८.२.० या आवृत्तीपासून तिच्या तयार पॅकेजांत रॅक्म आतच येते, त्यामुळे देवनागरीचा प्रश्न मिटला असे वाटते. पण उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिप्यांचा क्रम लावणारी फ्रिबिडी ही सोबतीण प्रोग्रॅम चालताना त्या मशीनवर शोधली जाते. ती सापडली नाही तर पिलो तक्रार न करता साध्या मांडणीवर उतरते, आणि डावीकडून उजवीकडे जाणारी मराठीही त्यात भरडली जाते. विकसकाच्या लॅपटॉपवर खंडेश्वर नीट आणि सर्व्हरवर फुटलेले, या नेहमीच्या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. पर्याय बांधताना निवडलेला, नोंद बरोबर, पॅकेज तेच, तरी निकाल वेगळा. सुदैवाने पिलोच्या ‘फीचर्स’ मॉड्यूलला ‘रॅक्म आहे का’ असे चालत्या प्रोग्रॅममधूनच विचारता येते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत तो प्रश्न घालावा आणि उत्तर ‘नाही’ आले तर प्रमाणपत्र छापण्याआधीच थांबावे.

रॅक्म हजर असूनही ल आणि श यांची हिंदी वळणे उमटली, तर मात्र बिल्डच्या पर्यायांत शोधत बसू नये. ज्या फॉन्टात मराठी वळणे दिलेली असतात तोही भाषा सांगितल्याशिवाय ती देत नाही. पिलोमध्ये मजकूर लिहिताना भाषेची ‘एमआर’ ही खूण द्यावी लागते. ती कोणत्याही ऑप्शन्स फाइलीत साठवली जात नाही, प्रत्येक वेळी स्क्रिप्टनेच सांगायची असते.