कॅमेऱ्याचं ओझं कुणी वाहायचं?

२००८ साली कॅननचा ५डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यावर सिनेमाच्या तोडीचं चित्रीकरण होऊ लागलं. लग्नाचं शूटिंग करणारे, माहितीपट करणारे, वृत्तवाहिन्यांसाठी धावपळ करणारे अनेकजण तेव्हापासून छोट्या कॅमेऱ्यांकडे वळले. वजन कमी झालं, किंमतही कमी झाली. या बदलात एक गोष्ट मात्र हातची गेली. जुना मोठा कॅमेरा खांद्यावर बसत असे आणि त्याचा भार धडावर येत असे. नवा कॅमेरा छातीपुढे हातात धरावा लागतो. वजन घटलं, पण जे उरलं ते सगळं मनगटं, दंड आणि कंबर यांच्या वाट्याला आलं.

यामागचं गणित शाळेतल्या तरफेचं आहे. ४ किलोचा कॅमेरा खांद्यापासून अर्धा मीटर पुढे धरला, तर त्या सांध्यावर कॅमेऱ्यामुळे सुमारे २० न्यूटन-मीटर इतका आघूर्ण पडतो. तोच कॅमेरा १५ सेंटिमीटरवर आणला की हा आकडा ६ च्या आसपास येतो. म्हणजे कॅमेरा किती जड आहे याइतकंच तो शरीरापासून किती लांब आहे हेही महत्त्वाचं. त्यावर लेन्स, माइक, मॉनिटर आणि बॅटरी चढवली की दुपारपर्यंत हात भरून येतात आणि फ्रेम थरथरू लागते.

अशा वेळी अंगावर घालायचा आधार शोधला जातो, आणि नेमका इथेच घोटाळा होतो. ‘हात दुखतात’ आणि ‘चित्र हलतं’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बाजारातली उपकरणं या दोन्हींवर सारखीच लागू पडत नाहीत. आपली तक्रार कोणती हे ठरवण्याआधी पैसे मोजले, तर हात दुखायचा थांबतो पण चित्र हलतच राहतं, किंवा चित्र स्थिर होतं आणि पाठ धरते.

चित्र स्थिर करण्याचा प्रश्न आधी सुटला. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राऊन यांनी १९७० च्या दशकात स्टेडीकॅम तयार केला. त्याचे भाग तीन: अंगावरचं घट्ट जॅकेट, त्याला जोडलेला स्प्रिंगचा दुहेरी हात, आणि त्या हाताच्या टोकाला तोललेला एक उभा दांडा. दांड्यावर वरच्या टोकाला कॅमेरा असतो, खालच्या टोकाला मॉनिटर आणि बॅटरी. दोन्हींची वजनं एकमेकांपासून दूर असल्यामुळे दांडा सहजासहजी गिरकी घेत नाही. चालण्याचे हेलकावे स्प्रिंग गिळतात, आणि दांडा त्याच्या गुरुत्वमध्याजवळ फिरत्या सांध्यावर धरलेला असल्याने शरीराचं वळणं कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही.

या शोधाचा प्रचार चित्रांनीच केला. ब्राऊन यांनी केलेल्या नमुन्याच्या फितीत त्यांची मैत्रीण फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवरून धावते आणि कॅमेरा तिच्यामागे अलगद जातो. ती फीत पाहून दिग्दर्शक जॉन अ‍ॅव्हिल्डसेन यांनी त्या पायऱ्या कुठे आहेत याची चौकशी केली. १९७६ च्या ‘रॉकी’मध्ये नायक ज्या पायऱ्या धावत चढतो, त्या याच. त्याच वर्षीच्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’मध्ये ब्राऊन क्रेनवरून खाली आले, उतरले आणि कॅमेऱ्यासह गर्दीतून चालत गेले, तेही एकाच शॉटमध्ये. १९८० च्या ‘द शायनिंग’मध्ये हॉटेलच्या लांब बोळांतून तीनचाकी चालवणाऱ्या मुलामागे कॅमेरा जमिनीलगत धावतो. त्या शॉटसाठी ब्राऊन चाकाच्या खुर्चीवर बसले होते. स्टेडीकॅम असूनही तिथे चाकंच सोयीची ठरली, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

स्टेडीकॅम अंगावरचं वजन मात्र घटवत नाही, उलट वाढवतो. कॅमेऱ्याखेरीज दांडा, हात आणि जॅकेट यांचाही भार ऑपरेटर वाहतो. २३ डिसेंबर २००१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात तिलमान ब्युटनर यांनी ‘रशियन आर्क’ हा दीड तासाहून मोठा चित्रपट एकाच अखंड शॉटमध्ये टिपला. एवढा वेळ यंत्र अंगावर वागवत फ्रेम राखणं ही अनेक वर्षांच्या सरावाची कमाई आहे. कथापटातला एखादा लांब, तरंगता शॉट हवा असेल, तर यंत्र विकत घेण्यापेक्षा शिकलेला ऑपरेटर त्याच्या यंत्रासह बोलावणं शहाणपणाचं.

ओझ्याचा प्रश्न दुसऱ्या दिशेनं सुटला. स्वीडनच्या योहान हेल्स्टेन यांनी १९९० च्या दशकात ईझीरिग बनवला. पाठीवरून एक दांडा वर जातो आणि डोक्यावरून पुढे वळतो. त्याच्या टोकातून दोर लोंबतो आणि दोराला कॅमेऱ्याचं वरचं हँडल अडकवतात. दोराचा ताण कॅमेऱ्याच्या वजनाशी जुळवला की भार कमरेच्या पट्ट्यावर उतरतो. हातांकडे उरतं ते फक्त रोख धरण्याचं काम. तास-दीड तास उभ्यानं मुलाखत टिपायची असो किंवा आळंदीहून निघालेल्या पालखीसोबत दिवसभर चालत शूटिंग करायचं असो, अशा कामाला हा प्रकार चांगला साथ देतो. पाऊल पडल्याचा हलका झटका मात्र फ्रेममध्ये राहतो. माहितीपट करणाऱ्या अनेकांना तो सजीवपणा हवासाच असतो.

तिसरा पर्याय मोटरवर चालणाऱ्या गिंबलचा. २०१३ मध्ये फ्रीफ्लाय कंपनीचा मूव्ही आणि पुढच्या वर्षी डीजेआयचा रोनिन आला, तेव्हापासून हा प्रकार फोफावला. कॅमेरा डावी-उजवीकडे वळणं, वर-खाली झुकणं आणि कलणं या तिन्ही हालचाली मोटरी सावरतात. चालताना सगळा कॅमेराच वर-खाली होतो, ते त्यांच्या आवाक्यात नाही. त्यासाठी गुडघे किंचित वाकवून चालण्याची सवय लावावी लागते किंवा स्प्रिंगचा वेगळा हात जोडावा लागतो. शिवाय गिंबल वजनात भर घालतो. डीजेआयचा आरएस ३ प्रो पकड आणि प्लेटांसह सुमारे दीड किलोचा आहे, आणि हे सगळं छातीपासून लांब धरायचं असतं. म्हणूनच बरेच जण आता गिंबलच ईझीरिगसारख्या आधाराला टांगतात. तेव्हा मोटरी चित्र सांभाळतात आणि पट्टा पाठ सांभाळतो.

कोणता प्रकार हवा हे ठरलं की काटा हाती घ्यावा. कॅमेरा प्रत्यक्ष कामाला निघतो तसाच, म्हणजे लेन्स, बॅटरी, माइक, मॉनिटर आणि लागत असेल तर गिंबल यांच्यासह तोलावा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा त्याला पुरतो. नुसत्या बॉडीचा आकडा फसवा असतो: सोनी एफएक्स६ ची बॉडी ९०० ग्रॅमच्या आत आहे, पण २४-१०५ची लेन्स एकटीच ६६३ ग्रॅम भरते. आधाराची कमाल मर्यादा सगळेच पाहतात. किमान मर्यादा तितकीच पाहायला हवी. ईझीरिगचं मिनिमॅक्स हे मॉडेल २ ते ७ किलोंसाठी आहे, तर व्हॅरिओ ५ हे ५ ते १७ किलोंसाठी. ३ किलोचा कॅमेरा व्हॅरिओला अडकवला तर दोर त्याला वर खेचत राहील आणि प्रत्येक फ्रेमसाठी हातांना झगडावं लागेल.

मग पाहायचं ते अंगावर बसणं. पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर घट्ट बसला पाहिजे आणि खांद्यावरचे पट्टे त्या मानाने सैल हवेत. खांदे दाबले जात असतील, तर धडाची लांबी जुळलेली नाही. एकाच्या मापाचं जॅकेट दुसऱ्याला, विशेषतः स्त्री ऑपरेटरला, क्वचितच नीट बसतं. म्हणून टीममध्ये दोघं-तिघं वापरणार असतील, तर मापं बदलण्याची सोय तपासावी. बकल एका हाताने झटकन सुटतं की नाही हेही पाहावं, कारण पाय घसरला तर यंत्रातून आधी मोकळं व्हायचं असतं. पाठीचं जुनं दुखणं असलेल्याने खरेदीपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आधार भार वाटून देतो, दुखणं बरं करत नाही.

कामाची जागाही विचारात घ्यावी. मे महिन्यातल्या लग्नात जाड जॅकेट घामानं भिजतं, त्यामुळे हवा खेळती राहील असं कापड मोलाचं. डोक्यावरून जाणारा दांडा जुन्या वाड्याच्या किंवा कोकणातल्या घराच्या बुटक्या दारात अडकतो. नवरदेवापुढे उलटं चालत शूट करायचं असेल, तर खांद्यावर हात ठेवून वाट दाखवणारा मदतनीस कोणत्याही उपकरणासोबत लागतोच. विमानप्रवास असेल तर लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवाव्या लागतात, आणि १०० वॉट-अवरपेक्षा मोठ्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते.

दुकानात पाच मिनिटं घालून पाहिल्यावर प्रत्येक आधार हलकाच वाटतो. त्यापेक्षा तो एक दिवस भाड्याने घेऊन नेहमीच्या कामावर न्यावा. संध्याकाळी खांदे दुखत असतील तर पट्टे पुन्हा जुळवावेत, कंबर पुढे ओढली जात असेल तर कॅमेरा शरीराजवळ आणावा आणि आणखी एक दिवस काढावा. मग दोन्ही दिवसांचं फुटेज एडिटला लावून त्या आधारावर घेतलेले किती शॉट कापणीनंतर टिकले, ते मोजावं. संख्या भरीव असेल आणि असं काम दर महिन्याला येत असेल, तर खरेदी परवडते. वर्षाकाठी दोन-चारच दिवसांची गरज असेल, तर भाडं भरून ते पैसे चांगल्या लेन्ससाठी राखून ठेवलेले बरे.